यहोशवाचा सूर्य आणि माझं थिओडोलाइट



गेल्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतले एक वडीलधारे बंधू माझ्याजवळ आले आणि मोबाइल पुढे करून म्हणाले, "सुभेदारसाहेब, हे वाचा. शेवटी विज्ञानालाही कबूल करावं लागलं!"

मेसेज वाचायची गरज नव्हती. मला तो तोंडपाठ आहे. नासाचे शास्त्रज्ञ संगणकावर सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या मागच्या हजारो वर्षांच्या जागा काढत होते. अचानक संगणक अडला. इतिहासातला एक दिवस सापडेना. तेव्हा एकाला रविवारच्या शाळेतली गोष्ट आठवली. यहोशवाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात लढाई संपेपर्यंत सूर्य थांबल्याचं लिहिलंय. त्याचे तेवीस तास वीस मिनिटं, आणि हिज्कीया राजाच्या वेळी सावली दहा अंश मागे गेली त्याची चाळीस मिनिटं. बेरीज बरोबर एक दिवस! म्हणून पवित्र शास्त्र खरं.

त्या बंधूंना मी हळूच सांगितलं, "दादा, हे खोटं आहे. असं काही घडलेलं नाही. कृपा करून पुढे पाठवू नका." त्यांचा चेहरा पडला. मी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखे ते बघत राहिले. घरी येताना सौ. म्हणाली, "एवढं तोडून बोलायची काय गरज होती?"

गरज होती. ती का, ते आज लिहितोय. हा लेख माझ्या ख्रिस्ती वाचकांसाठी आहेच, पण इतरांनीही वाचावा. आपल्या आपल्या घरातले असे मेसेज प्रत्येकाला माहीत आहेत.

आधी माझ्या कामाबद्दल थोडं. तोफखाना म्हटलं की लोकांना फक्त धडाम् आवाज आठवतो. पण तोफ डागण्याआधी ती नेमकी कुठे उभी आहे आणि तिचं तोंड नेमकं कुठे आहे, हे कुणीतरी मोजावं लागतं. मी त्या मोजणाऱ्यांपैकी, म्हणजे सर्व्हेवाला. नाशिक रोडला रंगरूट झालो, देवळालीला सर्व्हेचा कोर्स केला आणि नोकरीची बरीच वर्षं थिओडोलाइटच्या दुर्बिणीला डोळा लावून काढली. तोफखान्यात पूर्ण वर्तुळाचे ६४०० भाग करतात. एका भागाला मिल म्हणतात. दिशा एका मिलने चुकली तर पंधरा किलोमीटरवर गोळा साधारण पंधरा मीटर बाजूला पडतो. तिथे आपलीच माणसं असू शकतात, म्हणून 'चालतंय की' हा शब्द आमच्याकडे चालत नाही.

जीपीएस हातात यायच्या आधी नकाशावरची खूण सापडली नाही, तर आम्ही आकाशाकडे बघायचो. दिवसा काळी काच लावून सूर्य, रात्री तारे. रेडिओवरच्या टिकटिकीला घड्याळ जुळवायचं, कोन वाचायचा, तारका पंचांग उघडायचं आणि लॉग टेबल घेऊन गणित करायचं. राजस्थानातल्या थंडीत बोटं बधिर झालेली असायची आणि रेकॉर्डर मुलगा कंदिलाजवळ आकडे उतरवायचा.

तर या धंद्यातल्या माणसाने नासाचा मेसेज वाचला की पहिला प्रश्न हा पडायला हवा, की हरवलेला दिवस संगणकाला कळणार कसा? संगणक आजच्या जागेपासून मागे मोजतो. तो जे उत्तर देईल ते आजच्या जागेला जुळणारच. युनिटच्या कँटीनचं उदाहरण घ्या. आज किती साबण शिल्लक आहेत आणि रोज किती विकले जातात, एवढंच माहीत असेल, तर महिन्यापूर्वी किती असावेत हे तुम्ही काढाल, पण मधे एक पेटी चोरीला गेली का, हे कधीच कळणार नाही. ते कळायला महिन्यापूर्वीचं, त्या तारखेचं रजिस्टर लागतं. यहोशवाच्या आदल्या दिवशी सूर्य नेमका कुठे होता, याचं रजिस्टर कुणाकडेच नाही. म्हणजे ही गोष्ट चुकली असेल असं नाही, ती घडूच शकत नाही.

आता कबुली. हे सगळं मला कळत होतं, तरी हीच गोष्ट मी स्वतः सांगितलेली आहे.

नव्वदच्या दशकात ती झेरॉक्स केलेल्या पत्रकावर फिरायची. सुट्टीवर गावी आलो की मंडळीत चार शब्द बोलायला उभं करायचे. फौजी माणूस, त्यात ताऱ्यांचं गणित येणारा! मी पत्रक हातात घेऊन ही गोष्ट सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोक्यात एक शंका टोचत होती, ती मी दाबली. वाटलं, चांगल्या कामासाठीच तर आहे.

पुढे माझी मुलगी नववीत असताना तिने हीच गोष्ट विज्ञानाच्या तासाला अभिमानाने सांगितली. माझे पप्पा आर्मीत ताऱ्यांवरून दिशा काढतात, त्यांनी सांगितलंय म्हणाली. सरांनी शांतपणे विचारलं, "मागे मोजताना दिवस कमी पडला हे कशावरून कळलं?" वर्ग हसला. संध्याकाळी तिने तोच प्रश्न मला विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिला एवढंच हवं होतं. "तुम्हाला माहीत होतं ना, पप्पा?" मी गप्प राहिलो. नंतर काही वर्षं ती नाताळला सोडून चर्चमध्ये आली नाही. आज ती पुण्यात पदार्थविज्ञानात संशोधन करते. तिचा विश्वास डार्विनने नेला नाही की आइनस्टाइनने नेला नाही. खोटी टेकू लावून मी छत उभं केलं होतं. सरांनी टेकू हलवली आणि छत खाली आलं.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. ती मी आजवर इथे लिहिली नव्हती.

२००३ साली मी सिक्कीममध्ये होतो. गावी माझी थोरली बहीण, आमची आक्का, टीबीने आजारी होती. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू होत्या. कोर्स सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आलं. त्याच सुमारास कुठल्याशा चंगाईच्या सभेत तिला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, तू बरी झालीस, आता गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. आक्काने गोळ्या बंद केल्या. रविवारी एसटीडी बूथवरून फोन आला तेव्हा तिने मला विचारलं, "काय करू रे, भाऊ?"

मला माहीत होतं. युनिटमध्ये डॉक्टरसाहेबांचं लेक्चर प्रत्येक जवानाने ऐकलेलं असतं. टीबीचे जंतू दोन महिन्यांत बहुतेक मरतात, पण जे उरतात ते चिवट असतात. औषध अर्ध्यावर सोडलं तर तेच वाढतात, आणि मग साध्या गोळ्या लागू पडत नाहीत. हे सगळं मला येत होतं. पण फोनवर मी म्हणालो, "प्रभूची इच्छा असेल तसं होईल, आक्का." कारण मला भीती वाटली, की 'गोळ्या घे' म्हटलं तर घरचे म्हणतील, फौजेत जाऊन याचा विश्वास थंड झाला.

आजार परत आला. या वेळी औषधांनी हात टेकले. पुढच्या पावसाळ्यात आक्का गेली. मला रजा मिळून घरी पोचेपर्यंत माती झालेली होती.

सभेतल्या त्या माणसाला मी पुष्कळ वर्षं मनात दोष दिला. पण आक्काने प्रश्न मला विचारला होता.

या दोन गोष्टी वरवर वेगळ्या दिसतात. एकीत विज्ञानाकडून विश्वासाला सर्टिफिकेट आणलं, दुसरीत विश्वासाच्या नावाने विज्ञानाला घराबाहेर काढलं. पण चूक एकच आहे. जे काम विश्वासाचं नाही, ते दोन्ही वेळा आपण त्याच्या गळ्यात घातलं.

हे मला नीट उमगलं ते एका तोफखान्यातल्या माणसामुळेच. जॉर्ज लमेत्र त्याचं नाव. बेल्जियमचा. १९१४ मध्ये जर्मन फौजा देशात घुसल्या तेव्हा विशीतला हा पोरगा शिक्षण अर्धवट टाकून भरती झाला. आधी पायदळ, मग तोफखाना. युद्धात शौर्यासाठी पदकही मिळालं. युद्ध संपल्यावर त्याने दोन वाटा एकदम धरल्या. १९२३ मध्ये त्याला कॅथलिक पाद्री म्हणून दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी तो केंब्रिजला एडिंग्टनकडे खगोलशास्त्र शिकायला गेला. १९२७ मध्ये त्याने आइनस्टाइनच्याच समीकरणांवरून दाखवलं, की विश्व प्रसरण पावत असलं पाहिजे. त्या वर्षी आइनस्टाइन त्याला भेटले आणि म्हणाले, तुमचं गणित ठीक आहे, पण पदार्थविज्ञान भयंकर आहे. लमेत्र डगमगला नाही. १९३१ मध्ये तो आणखी मागे गेला. सगळं विश्व सुरुवातीला एका अतिशय दाट आदिअणूत सामावलेलं होतं, असं त्याने मांडलं. आज शाळेतलं पोरही ज्याला बिग बँग म्हणतं, त्याचं मूळ इथे आहे.

आता गंमत बघा. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी रोममध्ये शास्त्रज्ञांसमोर भाषण केलं. त्याचा आशय असा, की आधुनिक विज्ञान आपल्याला सृष्टीच्या निर्मितीच्या क्षणापर्यंत घेऊन आलंय, म्हणजे निर्माता आहे. लमेत्रच्या जागी मी असतो तर? माझा सिद्धांत, माझा धर्म आणि साक्षात पोप त्याला शाबासकी देताहेत! मी पेढे वाटले असते. लमेत्र अस्वस्थ झाला. पुढच्या वर्षी रोमला जाऊन त्याने हे थांबवावं म्हणून पोपच्या सल्लागारांशी बोलणं केलं, आणि पोपनी ती मांडणी त्या तऱ्हेने पुन्हा केली नाही.

कारण सरळ होतं. त्या काळात बिग बँग सिद्ध झालेला नव्हता. विश्वाला सुरुवातच नाही असं म्हणणारा दुसरा सिद्धांत तेवढाच जोरात होता. देवाला एका सिद्धांताच्या खुंटीला टांगलं आणि उद्या खुंटी निखळली, तर? आणि सिद्धांत खरा ठरला तरी, विश्व दाट आणि तापलेल्या अवस्थेतून आलं एवढंच तो सांगतो. ते कुणी आणि कशासाठी केलं, हे त्या समीकरणात नसतं. लमेत्रचं म्हणणं होतं, की त्याचा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेर आहे. नास्तिकानेही तो वापरावा, आस्तिकानेही. १९६६ मध्ये, मरण्याच्या थोडे दिवस आधी त्याला कळलं, की त्या आद्य अवस्थेची शिल्लक राहिलेली ऊब रेडिओ दुर्बिणीत सापडली आहे. सिद्धांत टिकला. २०१८ मध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून प्रसरणाच्या नियमाला हबलच्या जोडीने त्याचं नाव द्यायची शिफारस केली.

यहोशवाच्या सूर्याचा इतिहास हेच सांगतो. पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या गॅलिलिओविरुद्ध हाच उतारा पुढे केला गेला होता. १६१५ मधल्या एका लांब पत्रात त्याने विनवून सांगितलं, की पवित्र शास्त्र तारणाची वाट दाखवायला आहे, ग्रहांची वाट दाखवायला नाही. १६३३ मध्ये त्याला शिक्षा झाली. त्या खटल्यात चर्चच्या लोकांची चूक झाली, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये जाहीरपणे मान्य केलं. त्या काळी ज्या उताऱ्याने विज्ञान अडवलं, त्याच उताऱ्याला आता आपण विज्ञानाचा खोटा शिक्का मारतोय.

उत्क्रांतीचंही तसंच. 'आम्ही माकडापासून नाही' हे आमच्याकडे व्यासपीठावरून अजून ऐकू येतं. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या रोपांवरून ज्याने शोधले, तो मेंडेल मठातला साधू होता, हे मात्र कुणी सांगत नाही. उत्पत्तीचा पहिला अध्याय मी अजूनही दर नववर्षाला घरात मोठ्याने वाचतो. त्यातले सहा दिवस मी कॅलेंडरवर मोजत नाही. हे जग कुणाचं तरी आहे आणि ते चांगलं आहे, एवढं मी त्यातून घेतो, आणि तेवढं मला पुरतं.

कुणी म्हणेल, ही पळवाट झाली. आमच्या सर्व्हे पार्टीतला सातारचा एक हवालदार मला आठवतो. पक्का वारकरी. रात्री ध्रुवावरून उत्तर काढायचं काम त्याचं. आपण ध्रुवाला अढळ म्हणतो, पण थिओडोलाइटमधून बघितलं तर तो अढळ नाही. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो तेव्हा साधारण पाऊण अंश बाजूला होता आणि त्याच्याभोवती रोज छोटी प्रदक्षिणा घालायचा. ती दुरुस्ती लावली नाही तर तोफ तेरा मिलहूनही जास्त चुकू शकेल. शिवाय पृथ्वीचा अक्ष हळूहळू डुलतो, त्यामुळे पाच हजार वर्षांपूर्वी ध्रुवाच्या जागी वेगळाच तारा होता. हवालदाराला हे सगळं पाठ होतं. दुरुस्ती तो कधी विसरला नाही. आणि रजेवर गेला की मुलीला मांडीवर घेऊन ध्रुवबाळाची गोष्ट सांगायचा. बापाच्या मांडीवरून ढकललेल्या पोराला कायमची जागा मिळते, ही गोष्ट तक्त्यातल्या आकड्याने खोटी ठरत नाही. पण ती गोष्ट खरी म्हणून तक्त्यातला आकडा कोरा सोडायचा, असंही त्याच्या मनात कधी आलं नाही. दोन डोकी नव्हती त्याला. कुठला प्रश्न कुणाला विचारायचा, हे त्याला कळत होतं.

पुढे तिरुवनंतपुरमला पांगोडच्या छावणीत काही दिवस तात्पुरत्या ड्युटीवर होतो, तेव्हा एका रविवारी थुंब्याला गेलो. समुद्रकाठी संत मेरी मॅग्डलीनचं चर्च आहे, आता तिथे अवकाश संग्रहालय आहे. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळची ही जागा १९६२ मध्ये विक्रम साराभाईंना अग्निबाणांसाठी हवी होती. तिथे मच्छीमारांची वस्ती होती आणि त्यांचं हे चर्च. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. रविवारी बिशपनी ही मागणी लोकांपुढे ठेवली आणि लोकांनी आमेन म्हटलं, असं डॉ. अब्दुल कलाम सांगत असत. वस्ती दुसरीकडे गेली, नवं चर्च बांधलं गेलं, जुन्या चर्चमध्ये अग्निबाण जोडायचं काम सुरू झालं. २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं उड्डाण झालं.

त्या इमारतीत मी बराच वेळ बसलो. मनात आलं, त्या कोळ्यांनी घर दिलं, देऊळ दिलं, पण बदल्यात 'तुमच्या अग्निबाणाने आमचा देव सिद्ध करून द्या' असं काही मागितलं नाही. त्यांच्या विश्वासाला त्याची गरज नव्हती.

आता प्रामाणिकपणे एक अडचणही सांगतो. सगळं एवढं सोपं वेगळं होत नाही. प्रभू येशू मेलेल्यातून उठला, असं मी मानतो. ही नुसती शिकवणूक नाही, हे घडलं असा माझा दावा आहे. मुलगी म्हणते, "मग पप्पा, इथे तुमची दुरुस्ती कुठे गेली?" मी तिला सांगतो, "हे मी थिओडोलाइटवर घेतलेलं नाही, बाळा. ज्यांनी त्यासाठी जीव दिला, त्यांच्या साक्षीवर आणि माझ्या आयुष्यावर घेतलंय. तुला सिद्ध करून दाखवता येणार नाही, आणि येतं असं खोटं आता सांगणार नाही." ती पटलं म्हणत नाही. पण हल्ली आमचं बोलणं होतं. मधली काही वर्षं तेही बंद होतं.

म्हणून रविवारी त्या बंधूंना मी तोडून बोललो. विश्वास खरा असेल तर त्याला खोट्या साक्षीदाराची गरज नाही. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा देवाच्या बाजूने खोटं बोलणाऱ्यालाही लागू आहे. आमच्याच नगरात १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झालं. आपल्या जुन्या ख्रिस्ती माणसांनी नियतकालिकाला नाव देताना ज्ञान हा शब्द निवडला होता. त्याची तरी लाज राखू या.

पुढच्या रविवारी पाळकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. लमेत्रबद्दल बोलणार नाही, तेवढा वेळ नाही. आक्काबद्दल बोलणार आहे. मंडळीत सध्या दोघांचे टीबीचे उपचार सुरू आहेत, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी आपण सगळे प्रार्थना करू, आणि सहा महिन्यांतली एकही गोळी चुकू द्यायची नाही, हे मी उभं राहून सांगणार आहे. कुणाला माझा विश्वास थंड झालाय असं वाटलं तर वाटो.

तुमच्या युनिटमध्ये, तुमच्या गावी असं काही घडलं असेल तर जरूर लिहा.

जय हिंद, जय ख्रिस्त.